यंत्राने काढलेले चित्र आणि कलावंताचा हात

नाताळची भेटपत्रे, धर्मग्रामाच्या सणाची पत्रके, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फलक, कवितासंग्रहांची मुखपृष्ठे, दिनदर्शिका, लग्नपत्रिका, अशा सर्व ठिकाणी गेल्या तीन-चार वर्षांत एक नवे चित्र दिसू लागले आहे. त्यातील रंग झळझळीत असतात, प्रकाश नाट्यमय असतो, चेहऱ्यांवर एकही सुरकुती नसते. मात्र चित्रकाराची सही कोठेच आढळत नाही. कोणीतरी संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर चार ओळींचे वर्णन लिहितो आणि काही क्षणांत ते वर्णन चित्र होऊन पडद्यावर उमटते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे हे साधन आता नाशिकमधील छापखान्यांत, जाहिरात संस्थांत, शाळांत आणि घराघरांत पोहोचले आहे.

त्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना हा चमत्कार वाटतो, तर काहींना ही कलेची चोरी वाटते. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. परंतु साधन नेमके काय आहे हे समजून घेतल्यावाचून त्याचा न्यायनिवाडा करणे योग्य नव्हे. म्हणून या लेखात आम्ही त्याची रीत, उपयोग, मर्यादा आणि त्यासोबत येणारी जबाबदारी यांचा क्रमाने विचार करीत आहोत.

यंत्र चित्र कसे काढते?

यंत्राला डोळे नाहीत आणि त्याने गोदावरीचा घाट कधी पाहिलेला नाही. त्याला जे ठाऊक आहे ते केवळ चित्रे आणि त्या चित्रांशेजारी लिहिलेले शब्द. २०२२ साली संशोधनासाठी खुला करण्यात आलेला 'लायन-५बी' हा संग्रहच पाहा. त्यात महाजालावरून गोळा केलेल्या चित्र-शब्दांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. अशा प्रचंड संग्रहांवरून यंत्राला शिकविले जाते. शिकविण्याची पद्धत मोठी विलक्षण आहे. एखाद्या चित्रावर थोडी थोडी 'धूळ' टाकीत जावे, शेवटी केवळ रंगीत ठिपक्यांचा गोंधळ उरावा, आणि मग यंत्राने ही धूळ टप्प्याटप्प्याने कशी झटकावी हे शिकावे. असंख्य वेळा हा सराव झाला की यंत्र निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातूनही, आपण दिलेल्या शब्दांना अनुसरून, नवे चित्र वर काढू शकते. या पद्धतीला तंत्रज्ञ 'डिफ्यूजन' म्हणतात.

'डॅल-ई' या प्रणालीची पहिली आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाली. २०२२ च्या जुलैत 'मिडजर्नी' आणि ऑगस्टमध्ये 'स्टेबल डिफ्यूजन' ही साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. मार्च २०२५ मध्ये 'चॅटजीपीटी'त चित्रे काढण्याची नवी सोय आली, तेव्हा जपानमधील 'घिबली' या चित्रपटसंस्थेच्या शैलीत आपली छायाचित्रे रंगवून घेण्याची लाटच जगभर उसळली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गुगलच्या 'जेमिनी'वर जुन्या हिंदी चित्रपटांतल्यासारखी साडी नेसलेली आपली छबी काढून घेण्याचा छंद आपल्याकडील तरुणींत पसरला.

या रीतीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र जे देते ते पूर्वी कोणीतरी काढलेल्या, टिपलेल्या किंवा रंगविलेल्या असंख्य प्रतिमांचे सार असते. ज्याची चित्रे संग्रहात विपुल, त्याचे रूप यंत्राला चांगले साधते. ज्याची चित्रे विरळ, त्याचे रूप बिघडते किंवा दुसऱ्याच कोणाच्या तरी रूपात वाहून जाते. पुढील बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतूनच उद्भवतात.

नाशिकचा एक जुना धडा

नव्या दृश्य-यंत्राचा आणि कलेचा संबंध समजून घेण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके हे आपल्या समोरचे उदाहरण आहे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछपाई, ठसे बनविणे, नेपथ्य आणि जादूचे प्रयोग या सर्वांत त्यांनी हात चालविला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना त्यांच्या मनासमोर आपल्याकडील राम-कृष्णांच्या कथा उभ्या राहिल्या, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. एका परक्या देशात बनलेल्या ख्रिस्तपटाने भारतीय चित्रपटाचे बीज पेरले, ही गोष्ट आम्हांस आजही मननीय वाटते.

फाळके यांनी त्या ख्रिस्तपटाची नक्कल केली नाही. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, यंत्र विकत घेतले, ते चालविण्याची रीत शिकले आणि परतल्यावर पैसा पुरविणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून दाणा रुजून वेल वाढतानाचे चित्रण करून दाखविले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. स्त्रिया काम करावयास तयार नव्हत्या. तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. सरस्वतीबाई फाळके यांनी फितीला छिद्रे पाडण्यापासून सर्वांना जेवू घालण्यापर्यंतची कामे केली. त्याच वर्षी फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे, वस्तू अदृश्य करणे अशा युक्त्या त्यांनी सढळ हाताने वापरल्या. ते सर्व 'यंत्राचे काम'च होते. परंतु कोणती कथा सांगावी, कालियाच्या फण्यावर कृष्ण कसा दिसावा, प्रेक्षकाच्या मनात भक्ती केव्हा जागी व्हावी, हे यंत्राने ठरविले नव्हते.

साधन परके असूनही कलाकृती आपली होऊ शकते, हा त्यातील धडा आहे. मात्र त्यासाठी साधन हाताळणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही असावे लागते आणि त्यासाठी झिजण्याची तयारीही असावी लागते.

उपयोग कोठे होतो?

सर्जनशील कामाच्या दोन अवस्था असतात: कल्पना धुंडाळण्याची आणि ती सिद्ध करण्याची. यंत्राचा खरा उपयोग पहिल्या अवस्थेत होतो. नाट्यप्रयोगाचे नेपथ्य करणाऱ्याला पडदा रंगविण्यापूर्वी प्रकाशाचे चार पर्याय पाहता येतात. लघुपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक दृश्याचे कच्चे चित्र काढून ते आपल्या सहकाऱ्यांस दाखविता येते. ज्याला रेषा काढता येत नाही अशा धर्मशिक्षकाला बालकांसाठी गोष्टीचा तक्ता कसा असावा, हे चित्रकाराला अधिक नेमकेपणाने समजावून सांगता येते.

दुसरी अवस्था मात्र वेगळी आहे. आपल्या जिल्ह्यातील येवल्याची पैठणी घ्या. 'काठावर कमळवेल आणि पदरावर मोर' अशी सूचना दिल्यास यंत्र पाहतापाहता वीस मोहक पदर दाखवील. विणकराला मात्र त्या चित्राने काम भागत नाही. पैठणीची नक्षी आडव्या धाग्यांनी विणली जाते. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते, आणि एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवीत पुढे जावे लागते. त्यामुळे हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मोराच्या मानेचा बाक किती धाग्यांत बसेल, जर कोठे संपेल आणि रेशीम कोठे सुरू होईल, याचा हिशेब चौकटीच्या कागदावर घर मोजून करावा लागतो. यंत्राने काढलेल्या मोराला धाग्यांचा हा हिशेब ठाऊक नसतो. त्याचे पीस कोठून तरी उगवते आणि कोठेतरी विरते. म्हणून असे चित्र विणकराने प्रेरणा म्हणून पाहिले तर त्याला नवी रंगसंगती सुचेल; पण आसावली, मुनिया आणि बांगडी-मोर ही पिढ्यांची नक्षी जाणणारा हातच त्या चित्रातून साडी काढू शकेल.

हीच गोष्ट कमीअधिक प्रमाणात प्रत्येक कलेला लागू पडते. यंत्राचे चित्र दिसायला पूर्ण असते, म्हणून काम पूर्ण झाले असा भास होतो. अनुभवी कलावंत या भासाला फसत नाही. तो त्या चित्रातील एखादी छाया, एखादी रचना उचलतो, बाकीचे टाकून देतो आणि आपल्या हाताने नव्याने आरंभ करतो.

आपली लिपी, आपले चेहरे

मराठी माणसाला या साधनाची पहिली अडचण जाणवते ती अक्षरांत. इंग्रजी शब्द यंत्र बऱ्यापैकी लिहिते. देवनागरीत मात्र जोडाक्षरे मोडतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेली अक्षरे तयार होतात. अलीकडच्या आवृत्त्यांत सुधारणा झाली आहे. तरीही तपासल्याविना असा मजकूर छापखान्यात धाडू नये. मराठीवर हा प्रसंग प्रथमच ओढवला आहे असे नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले ते रोमन लिपीत, कारण छापखान्याजवळ देवनागरीचे खिळेच नव्हते. नवे यंत्र येते तेव्हा ते आपली लिपी जाणूनच येईल अशी शाश्वती नसते. त्याला ती शिकवावी लागते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. 'बाळ येशू आणि पवित्र मरिया' एवढीच सूचना दिल्यास बहुधा युरोपीय चेहऱ्याची, निळ्या झग्यातील मरिया पडद्यावर अवतरते. यात यंत्राचा हेतू काही नसतो; संग्रहात तशी चित्रे अधिक, म्हणून तेच रूप वर येते. 'मराठी' हा शब्द जोडला तर पुष्कळदा चित्रपटातील नटीसारखा चेहरा आणि भलतेच नेसणे मिळते. येथे आम्हांस आंजेलो द फोन्सेका यांचे स्मरण होते. गोव्यात जन्मलेल्या (१९०२) या चित्रकाराने अवनींद्रनाथ टागोर यांच्याकडे शिक्षण घेतले, पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात दीर्घकाळ वास्तव्य केले आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत साडी नेसलेली, या मातीच्या वर्णाची मरिया रंगविली. त्या काळी अनेकांना ते रुचले नाही. आज त्यांची कित्येक चित्रे गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन केलेली आहेत. बहुसंख्यांच्या डोळ्यांत ठसलेले रूप दूर सारून आपल्या माणसांत देवमातेला पाहणे, हे फोन्सेका यांचे कार्य होते. यंत्र स्वभावतः याच्या उलट दिशेने चालते. जे सर्वाधिक प्रचलित तेच ते आधी पुढे करते. म्हणून ज्याला आपल्या गावाचे, आपल्या लोकांचे चित्र हवे आहे, त्याने यंत्राच्या पहिल्या उत्तरावर समाधान मानू नये.

तिसरे उदाहरण वारली चित्रांचे. पालघरप्रमाणेच नाशिक जिल्ह्याच्या पेठ-सुरगाणा भागातही वारली समाज राहतो. तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक लिहिण्याची ही परंपरा. जिव्या सोमा म्हशे (१९३४-२०१८) यांनी ती कागदावर आणून जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज 'वारली शैलीत' एवढे दोन शब्द लिहिले की यंत्र त्रिकोणी माणसांचा तारपा नाच काढून देते. पण त्या चौकात कोणती देवता बसते आणि तो कोणत्या विधीसाठी लिहिला जातो, हे त्या चित्रात नसते. आणि ज्या समाजाने ही भाषा घडविली त्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही. शाळेच्या भिंतीसाठी वारली चित्र हवे असेल, तर वारली चित्रकाराला बोलावणे हाच सरळ मार्ग होय.

श्रम कोणाचे, हक्क कोणाचा?

यंत्राला शिकविण्यासाठी ज्यांची चित्रे वापरली गेली त्यांना बहुधा कोणी विचारले नव्हते. या कारणावरून जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील काही चित्रकारांनी अशा कंपन्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. भारतातही हा प्रश्न धसास लागत आहे. कलावंतांना व लेखकांना मोबदला मिळावा अशा स्वरूपाची सूचना असलेली एक कार्यपत्रिका केंद्र शासनाच्या उद्योग संवर्धन विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये चर्चेसाठी प्रसिद्ध केली.

यंत्राकडून काढून घेतलेल्या चित्रावर हक्क कोणाचा, हाही गुंता आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत ऑगस्ट २०२२ मध्ये जेसन ॲलन यांच्या यंत्रनिर्मित चित्राला पहिले पारितोषिक मिळाले. आपण शेकडो वेळा सूचना बदलून हे चित्र घडविले, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील कार्यालयाने त्यावरील स्वामित्वहक्काची नोंद नाकारली. भारतात १९५७ च्या कायद्यात १९९४ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती होय. परंतु त्या काळी आजचे यंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते. २०२० मध्ये एका चित्राच्या नोंदीत आज्ञावलीचे नाव सहकर्ता म्हणून दाखल झाले आणि पुढे ती नोंद मागे घेण्याची नोटीसही निघाली, यावरून गोंधळाची कल्पना यावी. व्यवहारात इतके ध्यानात ठेवावे: निव्वळ यंत्राच्या चित्रावर बोधचिन्ह वा मुखपृष्ठ आधारले, तर उद्या ते दुसऱ्याने वापरल्यास आपला दावा दुबळा ठरू शकतो. चित्रात आपल्या हाताचे काम जितके अधिक, तितका हक्क भक्कम.

सत्याची चाड

मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस पांढरे, फुगीर, झुळझुळीत जाकीट घालून चालले आहेत असे एक चित्र जगभर फिरले. लाखो लोकांना ते खरे वाटले. ते 'मिडजर्नी'वर गंमत म्हणून बनविलेले होते. पुढे २०२४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी अशा बनावट प्रतिमांविषयी सावध केले आणि आपणही त्यांचा विषय झालो असल्याचा उल्लेख केला. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'अँटिक्वा एट नोव्हा' या दस्तऐवजात कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीची उपज आहे, तिची जागा घेणारी नव्हे, असा विवेक मांडला आहे. साधनाचा धिक्कार त्यात नाही. उत्तरदायित्व माणसाचे आहे, हा त्याचा आग्रह आहे.

पोपमहोदयांच्या जाकिटाने कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. पण २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरात सिंहस्थाची मुख्य स्नाने होतील, लाखोंचा समुदाय घाटांवर असेल, तेव्हा पूल कोसळल्याचे किंवा चेंगराचेंगरीचे एखादे बनावट चित्र फिरले तर काय अनर्थ होईल, याचा विचार करावा. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून यंत्रनिर्मित प्रतिमांवर तशी ठळक खूण असावी असे बंधन घातले आहे. कायदा आपल्या जागी आहे. परंतु 'हे चित्र यंत्राच्या साहाय्याने केले आहे' अशी एक ओळ स्वेच्छेने छापणे, हा प्रामाणिकपणा कोणत्याही कायद्याची वाट पाहत नाही.

रोजीरोटीचा प्रश्न

हा सर्व विचार झाला तरी एक प्रश्न मनाला बोचत राहतो. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांचे भव्य फलक हाताने रंगविणारे चित्रकार एकेकाळी प्रत्येक शहरात होते. फ्लेक्सची छपाई आली आणि त्यांचा कुंचला खाली ठेवला गेला. फारच थोड्यांना नवे काम शिकता आले. आज मुखपृष्ठे, बोधचित्रे आणि शुभेच्छापत्रे करणाऱ्या तरुणांसमोर तोच प्रसंग उभा आहे. कलाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलाला पहिले काम अशाच लहान चित्रांचे मिळत असते. तेच यंत्राकडे गेले तर तो मोठ्या कामापर्यंत पोहोचणार तरी कसा?

फाळके यांच्या चरित्राचा उत्तरार्ध येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९३१ मध्ये 'आलमआरा' प्रदर्शित झाला, चित्रपट बोलू लागला, आणि ज्यांनी या देशाला पडद्यावरचे पहिले चित्र दिले त्यांचेच कौशल्य मागे पडले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये, प्रकाशझोतापासून दूर, त्यांचे निधन झाले. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे. नव्या साधनाचे स्वागत करणारा समाज जुन्या हातांना किती सहज विसरतो, याची ती खूण आहे. साधनाचा वेग कोणी रोखू शकत नाही; पण त्या वेगात कोणाला मागे टाकावयाचे आणि कोणाला सोबत घ्यावयाचे, हे समाजाच्या हाती असते.

काय करावे?

आमच्या मते काही साध्या गोष्टी पाळता येतील. कच्च्या कल्पनेसाठी यंत्र वापरावे, पण अंतिम चित्रासाठी शक्य तेथे चित्रकाराला काम द्यावे आणि त्याचा योग्य मोबदला चुकवावा. हयात कलावंताचे नाव घेऊन 'त्याच्या शैलीत' चित्र मागू नये. कोणाचेही, विशेषतः लहान मुलांचे, छायाचित्र त्यांच्या पालकांच्या अनुमतीविना अशा साधनात टाकू नये. एकदा दिलेले छायाचित्र परत घेणे कठीण असते. यंत्रनिर्मित चित्र प्रसिद्ध करताना तसे नमूद करावे. देवनागरी मजकूर स्वतंत्रपणे अक्षरजुळणी करून घ्यावा. घडलेल्या प्रसंगाचे वृत्त देताना बनविलेले चित्र कदापि वापरू नये.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस या साधनापासून दूर ठेवण्याऐवजी प्रथम त्यांच्या हाती पेन्सिल द्यावी. ज्याने एक दुपार गोदाकाठी बसून घाटाच्या पायऱ्यांवरील छाया न्याहाळली आहे, त्याला यंत्राच्या चित्रातील खोटी छाया तत्काळ ओळखू येते, आणि असे साधन अशाच डोळ्याच्या हाती शोभते. येत्या नाताळात धर्मग्रामांनी व शाळांनी आपली भेटपत्रे आणि फलक यांचे काम आपल्यातील तरुण चित्रकारांकडे सोपवावे आणि चित्राखाली त्यांचे नाव छापावे, अशी आमची सर्व वाचकांस नम्र विनंती आहे.